घोडदळाचा सातवा इंच

नवी टेप जुन्या टेपेला लावून पाहिली आणि मी थबकलो. माझ्या जुन्या कापडी टेपेचा पहिला इंच तुटून गेला होता.

आठ वर्षांपूर्वी आम्ही टेबलावर शिशाचे सैनिक मांडून खर्ड्याची लढाई खेळत होतो. घोडदळाला एका चालीत सहा इंचांची मुभा. मुरलीधरची चाल मी माझ्या टेपेने मोजली, तर सात भरले. "मुरल्या, लबाडी करतोस?" मी सगळ्यांदेखत विचारलं. तो उठून गेला, पुन्हा आला नाही.

मी लगेच फोन लावला. "मुरल्या, माझीच टेप तुटकी होती रे."

"मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, तू पुन्हा मोजशील. वाट पाहिली. मागच्या दिवाळीत सोसायटीतल्या पोरांना किल्ल्यासाठी सगळं सैन्य देऊन टाकलं."