हातवारे

"खुणा केल्यात तिने. एकदा नाही, पुन्हा पुन्हा." भौतिकशास्त्राच्या सरांनी लॅपटॉप मुख्याध्यापकांकडे फिरवला. पडद्यावर लाल अक्षरांत नोंद होती: संशयास्पद हातवारे.

संगणकावर परीक्षा घ्यायची तर सॉफ्टवेअर कुठलं, यावर शिक्षकांच्या खोलीत महिनाभर खल चालला होता. चाळता चाळता दोन उरली. एक गणिताच्या बाईंच्या पसंतीचं. त्यात मुलांना उदाहरणाच्या सगळ्या पायऱ्या लिहिता यायच्या आणि अर्ध्यावर अडलेल्याच्याही पदरात काही पडायचं. दुसरं सरांच्या पसंतीचं. त्याला पायऱ्यांशी देणंघेणं नव्हतं. पण कॅमेऱ्यातून ते प्रत्येक मुलावर डोळ्यांत तेल घालून पहारा करायचं.

"मला पायऱ्या बघायच्यात सर, चेहरे नाहीत," बाई म्हणायच्या.

"पायऱ्या चोरूनही चढता येतात, बाई." देवावर नसेल इतकी सरांची त्या यंत्रावर श्रद्धा बसली होती.

शेवटी मुख्याध्यापकांनी तोड काढली. विज्ञानाच्या एका स्पर्धेला शाळेतून एकच मूल पाठवायचं होतं. ती निवड परीक्षा सरांच्या यंत्रावर घेऊन बघायची, मग काय ते ठरवायचं. परीक्षा झाली. पहिली आली मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी, आणि लाल अक्षरं उमटली तीही तिच्याच नावापुढे. मुलगी सरांच्याच वर्गातली, तेव्हा त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण यंत्राने पहिल्याच दिवशी चोर धरला, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

मुलगी दारात उभी होती.

"कोणाला खुणा करत होतीस गं?"

"कोणाला नाही, सर. उत्तर शोधत होते."

"हवेत?"

"हो, सर."

"ऐकलंत? चोर तो चोर, वर शिरजोर." सरांनी पेनाचं टोपण काढलं. तिचा पेपर रद्द करण्याचा कागद समोर तयारच होता. सही झाली की तिची स्पर्धा संपली.

"त्याआधी चित्रण तरी बघून घ्या," बाई हळूच म्हणाल्या.

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई."

"मग बघायला काय हरकत आहे?"

चित्रण सुरू झालं. मुलगी प्रश्न वाचत होती. वाचून झाल्यावर तिने कच्च्या कामाचं पेन बाजूला ठेवलं. उजवा हात उचलला. अंगठा ताठ धरला, बोटं अर्धवट मिटली आणि मनगट सावकाश वळवलं. मग पुन्हा एकदा. बघत होती ती फक्त आपल्या हाताकडे.

"ही कसली खूण?" मुख्याध्यापकांनी विचारलं. त्यांचा सारा जन्म इतिहास शिकवण्यात गेला होता.

हा प्रश्न वर्गात कोणी विचारला की सरांचा हात आपोआप उठायचा. आत्ताही उठला.

"खूण कसली, नियम आहे तो. अंगठा म्हणजे तारेतली वीज कुठे चाललीय ते. बोटं वळतात तसं तारेभोवती चुंबकीय क्षेत्र फिरतं. पेपरात सगळी गाढवं इथेच मार खातात. उजव्या हातात पेन असतं, म्हणून डावाच उचलतात, आणि उत्तर येतं बरोब्बर उलटं. मी तर घसा फोडून सांगत असतो की आधी…"

सर थांबले. अंगठा हवेतच राहिला. तो डाव्या हाताचा होता. उजव्या हातात सहीचं पेन तसंच उघडं होतं.

मग दारातूनच, धडा म्हणून दाखवावा तसा, बारीक आवाज आला.

"आधी पेन खाली ठेवा, सर."