पास्कूच्या नावाची मिस्सा

“मिस्साला मी येणार नाही,” श्रीपाद आढावांनी सोफ्यावर बसल्या बसल्या जाहीर केलं. “जेवायला थांबेन. पण मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करणं आमच्यात बसत नाही.”

सोनलने कपाळावर हात मारला. तिच्या सासऱ्यांना जाऊन आज वर्ष झालेलं. संध्याकाळी बाळकुमच्या चर्चमध्ये पास्कू परेराच्या नावाने मिस्सा होती. नवरा गाडी काढायला खाली गेलेला. आणि तिचे पप्पा नेमके आजच कल्याणहून वाद घालायला आलेले.

तसे ते वाद घालायला आले नव्हते. विहीणबाईंची त्यांना खरोखरच कीव येत होती. श्रीपादराव पिढीजात प्रोटेस्टंट, मूळचे नगरकडचे, हाडाचे मास्तर. फिलोमिनाबाई मेलेल्या नवऱ्यासाठी महिन्याच्या महिन्याला फादरांना मिस्सा सांगतात, रोज गुडघे टेकून रोजरी म्हणतात, शुक्रवारी मटण सोडाच, सुकटसुद्धा तोंडात घालत नाहीत, हे सोनलकडून कळल्यापासून त्यांना चैन नव्हती. बिचारी उगाच झुरतेय. कुणीतरी तिला समजावून सांगायला हवं, आणि समजावून सांगणं हा तर त्यांचा पेशाच.

ते उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. फिलोमिनाबाई रात्रीच्या जेवणासाठी फुगे तळत होत्या. मुठीतून पिठाचा गोळा तेलात सुटायचा आणि टम्म फुगून वर यायचा.

“विहीणबाई, पास्कूभाऊ आत्ता कुठे आहेत असं वाटतं तुम्हाला?”

“शुद्धिस्थानात,” बाई म्हणाल्या. शहाडला गेलेत म्हणावं, इतक्या सहज.

“असं काही ठिकाणच नाही.”

“नाय कसं? मग माणूस मेल्यावर, स्वर्गात जायच्या आधी, साफ कुठं होतो?”

श्रीपादराव खुलले. वर्गात असा प्रश्न विचारणारी मुलं फार क्वचित मिळायची.

“माणूस आपल्या करण्याने साफ होतच नाही, बाई. ना उपासाने, ना संतांच्या वशिल्याने, ना कुठल्या चर्चने शिक्का मारला म्हणून. प्रभूवर विश्वास ठेवला की तारण झालं. ती निव्वळ कृपा. पास्कूभाऊ विश्वासात गेले ना?”

“गेले तर. प्रभूचं नाव घेतच गेले.”

“संपलं! त्याच क्षणी ते थेट स्वर्गात. शेजारच्या क्रुसावरच्या चोराला प्रभूने त्याच दिवशी स्वर्गात घेतलं. ताटकळत ठेवलं का कुठे?”

“त्या चोराची बायको व्हती काय तिकडं?”

सोनल फिस्सकन हसली आणि उगाच फ्रिज उघडून त्यात बघत बसली.

“बायकोचा काय संबंध इथे?” श्रीपादराव गोंधळले.

फिलोमिनाबाईंनी गॅस बंद केला. झारा कढईवर आडवा ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव उमटेल, डोळ्यांत पाणी येईल, अशी श्रीपादरावांची अपेक्षा होती. पण बाई चक्क घाबरलेल्या दिसत होत्या.

“म्हणजे तो पोचलासुद्धा? जसा व्हता तसा?”

“जसे होते तसे. तीच तर कृपा.”

बाई स्टुलावर बसल्या.

“सर, माझा नवरा वाईट नव्हता. हात नाय उगारला कधी. पण लग्न झाल्यापासून मना हाक मारली ती ‘ए’ म्हणून. मी सांगितलं का ते चूक, आणि तेच शेजाऱ्याने सांगितलं का बरोबर. मना ताप असला तरी याला ताट गरम पायजे. मरताना प्रभूचं नाव घेतलं, चांगलं झालं. माझं नाय घेतलं. आता उद्या मी वर गेले आणि हा दारातच बसलेला, तसाच. ‘ए, इतका वेळ कुठं व्हतीस?’ तर त्याला स्वर्ग कसं म्हणायचं, सांगा?”



“म्हणून मिस्सा,” बाईच पुढे म्हणाल्या. “मी देवाला सांगते, त्याला सोडव, पण अर्धवट सोडू नको. नीट घास. कोपरे-कोपरे घास. मना तो पायजे, सर. पण धुतलेला पायजे.”

यावर द्यायला श्रीपादरावांकडे उत्तर होतं. तीन-चार वचनं तर तोंडपाठ होती. पण त्यांना भलतंच आठवलं. त्यांची बायको, मंदाकिनी. ती स्वर्गात आहे याबद्दल त्यांना कधी शंका नव्हती. ती तिथे करते काय, हा विचार मात्र आज पहिल्यांदाच डोक्यात आला. जन्मभर ते तिच्या चुका काढत आले होते. भाजीतल्या मिठापासून गीताच्या सुरापर्यंत. अगदी शेवटी हॉस्पिटलात तिने नर्सला औषधाचं नाव सांगितलं, तेव्हासुद्धा त्यांनी तिचा उच्चार सुधारला होता. त्यानंतर ती फारशी बोललीच नव्हती.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. फिलोमिनाबाई लुगडं सारखं करून आल्या, तर श्रीपादराव दारात बुटाच्या नाड्या बांधत होते.

“पप्पा, तुम्ही येताय?” सोनल म्हणाली.

“मागच्या बाकावर बसेन. प्रार्थना करणार नाही. शुद्धिस्थान नाहीच, हे मी आत्ताही सांगतो.”

सोनल लिफ्ट बोलवायला पुढे गेली. तशी त्यांनी विहीणबाईंकडे वळून आवाज एकदम खाली आणला.

“पण मी गेलो ना, की माझ्याही नावाची मिस्सा सांगत जा.”

“तुम्ही तर थेट जाणार, सर!”

“म्हणूनच सांगतोय,” श्रीपादराव म्हणाले. “मंदाकिनी तिथे आत्ता कुठे निवांत बसली असेल.”