पडद्यावरची दाढ

दातांच्या क्लिनिकच्या पडद्यावर खुर्चीतल्या बाईंची दाढ मुठीएवढी दिसत होती आणि तिच्यावरचा डाग खड्ड्यासारखा. "दाखवलं की पेशंट घाबरतो, घाबरला की हो म्हणतो," मॅनेजरने नव्या डेंटिस्टला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आताही तो दारातच उभा होता. "मॅडम, रूट कॅनालच ना?" त्याने हसून डेंटिस्टला विचारलं. टार्गेट चुकलेल्या डॉक्टरला कालच त्याने असंच हसत घरी बसवलं होतं. डेंटिस्टने दाढ पुन्हा निरखून पाहिली. डाग चहाचा होता. "करून टाका, ताई," बाई म्हणाल्या. तिने ड्रिल ठेवलं, साधा ब्रश फिरवला. डाग गेला. "कीड नाहीये," ती कशीबशी म्हणाली. मॅनेजर जायला वळला. बाई पडद्याकडे बघतच राहिल्या. "आमच्या ह्यांच्या तीन दाढा इथेच असाच डाग दाखवून कोरल्या. तोही पुसून गेला असता का हो?" मॅनेजरची पावलं थांबली.