अर्धा गडू

मेलेला मासा गाळणीत घेऊन हेमांगी फोनवर दुकानदाराला झापत होती. "रोगट मासे गळ्यात मारता आणि वर मलाच शिकवता? पाणी साठवून मग घालते, खाणं बेतानं देते, पंपसुद्धा नवा आणला. तरी दर आठवड्याला एक मरतोच!"

बायपासनंतर सासरे दिवसभर त्या काचेच्या टाकीसमोर बसायचे. मासा गेला की त्या दिवशी जेवायचेच नाहीत. तिचा जीव त्यानंच मेटाकुटीला आला होता.

"ताई, टाकीत तांब्याचं काही पडलंय का बघा. तांबं पाण्यात उतरलं की मासा जगत नाही."

"काहीतरीच काय! टाकीत काय मी भांडी घासते?" असं म्हणत ती बाहेरच्या खोलीत आली आणि थबकली. सासरे वाकून तांब्याच्या गडूतलं पाणी टाकीत ओतत होते. प्रकृतीला चांगलं म्हणून तीच तो गडू रोज रात्री भरून त्यांच्या उशाशी ठेवायची.

"अर्धं मी पितो, अर्धं ह्यांना देतो," ते ओशाळून म्हणाले. "तुझ्या पाण्यानं मी उभा राहिलो. म्हटलं, हेही जगतील." गाळणीकडे नजर गेली तसा त्यांनी गडू टाकीवरून मागे घेतला. "माझ्या हातून काही चुकलं का गं?"

"छे हो, अण्णा! तुमचं काय चुकणार?" तिनं गडू अलगद काढून घेतला. "मेला तो दुकानदारच लबाड आहे."

कान आणि खांद्यामध्ये धरलेल्या फोनमधून दुकानदार हळूच म्हणाला, "तसंच सांगा, ताई."