एकोणीस दिवसांची विधवा

एकोणीस दिवस. डोरीन हॉगबेनने बोटांवर पुन्हा मोजले. सॅम्युअल हॉगबेन, घराण्याचा पूर्वज, इंग्रजी पलटणीतला साधा शिपाई, माल्टाच्या छावणीत तापाने गेला नऊ ऑगस्ट १८६५ला. आणि अठ्ठावीस ऑगस्टला त्याची बायको हॅना त्याच पलटणीतल्या जोसेफ टॅपलीशी लग्न लावायला चर्चमध्ये हजर. नवऱ्याच्या थडग्यावरची मातीही वाळली नसेल. तिकडच्या उन्हात माती दुपारपर्यंत वाळते म्हणा, पण डोरीनला एवढं ऐकून घ्यायचं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि असलं पाणी तिला लांबून कळे.

इंग्लंडातल्या चॅटम गावच्या दप्तरखान्यात ती चार महिने दर मंगळवारी येत होती. नात एल्सीच्या बाराव्या वाढदिवसाला तिला घराण्याचा वंशवृक्ष द्यायचा होता. हेतू काही फार गोड नव्हता. एल्सीचा बाप, डोरीनचा एकुलता एक नील, दीड वर्षापूर्वी कर्करोगाने गेला. आणि आता दर रविवारी सुनेच्या, शेलीच्या, दारात क्रेगची व्हॅन उभी असते, अशी बातमी शेजारणीने आणली होती. क्रेग म्हणजे नीलचा जिवाभावाचा मित्र. आजारपणात त्याला इस्पितळात नेणारा-आणणारा तोच. म्हणजे हे तेव्हापासूनचंच, असं डोरीनने मनाशी पक्कं केलं.

शेलीचा फोन ती उचलत नसे. शेली दोनदा घरी येऊन गेली. दोन्ही वेळा डोरीन पडद्याआडून बघत श्वास रोखून उभी राहिली. अशाने एल्सी कायमची दुरावणार, हे तिला समजत होतं आणि आतून पोखरत होतं. पण पोरीला कळायला हवं, असल्या बायका या घराण्यात आधीही होऊन गेल्या.

शिवाय पुरावा होता. सॅम्युअलच्या मृत्युपत्राची नक्कल तिने या दप्तरखान्यातूनच मागवली होती. घड्याळ, बूट, कांबळं, सगळं टॅपलीला. बायकोला सुतळीचा तोडाही नाही. खाली सहीऐवजी सॅम्युअलची नुसती फुली, आणि मजकूर खुद्द टॅपलीच्या हातचा.

“विष घातलं असणार दोघांनी,” तिने मिस्टर अब्लेट यांना सांगितलं. अब्लेट निवृत्त मास्तर. आठवड्यातून दोन दिवस इथे हौसेने राबत. त्यांनी नक्कल उलटसुलट केली. मागे कोरं.

“आणि मागची बाजू?” त्यांनी विचारलं.

मागची बाजू तिने मागवलीच नव्हती. दप्तरात नवा शिरलेला माणूस हमखास इथेच फसतो. समोरची नक्कल घेतो, खुशीत घरी जातो, कागद पालथा करायचं कुणाला सुचत नाही. अब्लेट आत जाऊन मूळ कागद घेऊन आले आणि त्यांनी तो हलक्या हाताने पालथा केला.

मागे दुसरंच अक्षर होतं, कप्तानाचं. मरायच्या दोन दिवस आधी सॅम्युअलने सांगितलं ते त्याने जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. अब्लेटांनी वाचून दाखवलं.

“हॅनानं महिना संपायच्या आत टॅपलीशी लग्न करावं. दोघांनाही सांगून बघितलं. दोघंही नाही म्हणतात. ती रडते, तो उठून बाहेर जातो. कर्नलसाहेबांनी त्यांना दटावावं, ही विनंती.”

हे कसलं मागणं, असं डोरीनने पुटपुटत विचारलं. अब्लेटांनी सावकाश समजावलं. पलटणीत शंभर शिपायांमागे पाच-सहाच बायकांना राहायची मुभा असे, तीही कर्नलच्या परवानगीने. नवरा मेला की बायकोचं नाव यादीतून गेलं, शिधा गेला, बराकीतला कोपरा गेला. मग पोरांसकट जहाजात बसवून इंग्लंडला रवानगी, आणि तिथे गरीबखाना. गरीबखान्यात पोरं आईपासून तोडत. हॅनाला तीन होती. मरणाऱ्या शिपायाला त्यांच्यासाठी एकच गोष्ट करता येई. डोळे मिटायच्या आत एखादा भला सोबती हेरून ठेवायचा, म्हणजे त्याची बायको म्हणून तिचं नाव यादीत राही.

“सगळा संसारच त्याच्या हवाली केला,” अब्लेट म्हणाले, “मग बूट दुसऱ्या कुणाला देणार?”

डोरीनला लाज वाटली. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईची तिने चार महिने चौकशी चालवली होती, आणि जिवंत बाईला एकदाही काही विचारलं नव्हतं. ती बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली. तिने शेलीचा नंबर लावला. शेलीने लगेच उचलला. डोरीनला गोड बोलणं कधी जमलं नव्हतं, आजही जमलं नाही.

“एकच विचारते. खरं सांग. आमच्या नीलनं क्रेगला काही सांगितलं होतं का? तुझ्याबद्दल?”



“दोघांनाही सांगितलं होतं,” शेली म्हणाली. “शेवटच्या दिवसांत. मी इतकी चिडले, दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याचे मोजून नऊ दिवस राहिले होते, डोरीन, आणि त्यातले दोन मी असे घालवले.”

“मग? केलंत का लग्न?”

“कसं करणार? त्याच्या आईनं हो म्हटल्याशिवाय नाही, असं वचन घेतलं होतं त्यानं. ते विचारायलाच तर दोनदा तुमच्या दारात आले होते मी.”