पोटभर

वजन वाढेल या धास्तीनं झानेलनं अन्न टाकलं होतं. अल्माटीच्या हॉस्पिटलात तिला चार घासच मिळायचे. “हळूहळूच वाढवायचं,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण तिच्या आईला, रौशनला, ते बघवेना. आज तिनं कोटाखाली लपवून मटणाचं बेशबरमाक आणलं. लेकीनं वाडगा चाटूनपुसून साफ केला.

रौशननं हरखून आपल्या आईला फोन लावला. “पोरगी पोटभर जेवली गं.”

म्हातारी म्हणाली, “आधी डॉक्टरांना बोलाव. दुष्काळात तुझा मामा भुकेनं नाही गेला. तगला होता. धान्य आलं, पहिल्यांदा पोटभर जेवला, आणि गेला.”

रौशननं वळून पाहिलं. पलंगावर झानेल कित्येक महिन्यांनी हसत होती. रिकामा वाडगा पुढं करत म्हणाली, “आई, अजून आहे?”