ठोक्यांची गोळी

"घरी कुणाचं ऐकतात तुमचे काका?" पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी विचारलं.

"काकूंचं," प्रणाली म्हणाली.

"मग त्यांनाच नीट समजावा. हृदयाच्या ठोक्यांची गोळी आहे. हयगय चालणार नाही."

"मी बघते."

भिवाजीकाका बाहेर बाकावर बसले होते. मोहगावला घरी परतताना बसमध्ये ते पुतणीपासून दूर, मागच्या सीटवर जाऊन बसले.

प्रणालीच्या बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा ती याच काकांच्या पाया पडली होती. "हार्टचं दुखणं आहे, जीप काढा." काका हसले होते. "बीएस्सी झाली तं मले शिकवून राहिली? गॅस हाय तो. सोडा पाज." बाबा सौंसरच्या दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

तरी आता दर रविवारी ती काकांकडे जाऊ लागली. गावाला कौतुक वाटलं.

"मले सांग न वं, कवा द्यायची गोळी," काकू म्हणाल्या.

"तुमच्या डोक्याला कशाला ताप? चहा टाका तुम्ही."

काकू आत गेल्या की ती खाटेजवळ बसे. "रोज ठरल्या वेळी घ्या. बरं वाटलं तरी मनानं बंद करू नका. एखादी चुकली तर पुढे दोन एकदम घेऊ नका. चक्कर आली, धडधड वाढली, तर लगेच दवाखाना. संत्री चालतील, पण चकोतरा, ते पपनसासारखं मोठं फळ, अजिबात नको."

काका तिच्या तोंडाकडे रोखून पाहत.

"मोठी माया येऊन राहिली वं तुले माही. बापाचं इसरली वाट्टे?"

"गोळी चांगली आहे, काका. माझ्यावर विश्वास ठेवा."

पुढच्या रविवारी खाटेखाली चकोतऱ्याची सालं पडली होती. प्रणालीनं ती पाहिली. काकू चुलीशी जाईपर्यंत थांबली आणि सगळं पुन्हा सांगितलं. तेच शब्द, तोच सूर.

संत्र्याच्या तोडणीत काका बागेतच कोसळले. दवाखाना गाठायला वेळच मिळाला नाही.

तेरवी झाल्यावर काकूंनी त्यांची गादी उचलली. खाली गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. एकही फोडलेली नव्हती.

काकूंनी एकेक पट्टी उलटून पाहिली. "तू इतकं जीव तोडून सांगे, अन् या माणसानं एक गोळी नाई खाल्ली वं! मी सांगतलं असतं तं खाल्ली असती न त्यायनं?"

"हो काकू," प्रणाली म्हणाली. "म्हणूनच तुम्हाला सांगितलं नाही."